अकरा मोजेपर्यंत

कंपनीत सगळे त्यांना दाजी म्हणत. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी होते. पडदा ओढणारा हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो पहिल्या दिवसापासून विंगेतून विचारायचा, "दाजी, तयार?" ते ऐकून ऐकून मेकअपवाल्यापासून तिकीट फाडणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. नायिका रोज संध्याकाळी त्यांच्या प्रेमात पडायची, त्यांच्यासाठी बापाचं घर सोडायची, आणि विंगेत आली की म्हणायची, "दाजी, माझ्या झग्यावर पाय देऊ नका हो." ही सहावी नायिका. पहिली आता आजी झाली होती. दाजी मात्र तेच होते: नाटकातला खलाशी, वय सत्तावीस, गेली तेहतीस वर्षं.

मुळात ते टपाल कचेरीत शिक्के मारायचे. शिक्क्याच्या ठेक्यावर गुणगुणायची सवय होती आणि गुणगुणणं कसलं, पार रस्त्यावर ऐकू जायचं. कंपनीचे जुने मालक एकदा पार्सल टाकायला आले आणि पार्सल विसरून यांनाच घेऊन गेले. दोन वर्षं कोरसमध्ये काढली, उजवीकडून चौथे. मग एका संध्याकाळी नायकाचा घसा बसला आणि दाजींनी त्याचा निळा कोट चढवला. बाह्या चार बोटं आखूड होत्या. दुसऱ्या दिवशी शिंप्याने त्या वाढवल्या, आणि कोट पुन्हा कुणाला परत गेला नाही.

आता या नाटकात पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण लोक यायचे ते एका सुरासाठी. पहिल्या अंकाच्या शेवटी खलाशी बोटीवर चढतो, किनाऱ्यावरच्या मुलीकडे बघतो आणि गाण्याचा शेवटचा सूर लावतो. वाद्यं गप्प होतात. सूर लागला की वरून पडदा सुटायचा, सावकाश खाली यायचा, आणि तो जमिनीला टेकेपर्यंत सूर तुटायचा नाही. घड्याळ लावून कुणी मोजत नसे; पडदा हेच घड्याळ. फार पूर्वी एकदा व्हायोलिनवाल्याने बोटांवर मोजला होता, तेव्हा अकरा भरला होता. तेव्हापासून अकरा हा दाजींचा आकडा झाला. न्हाव्याकडे, दवाखान्यात, भाजीच्या रांगेत, कुणी ओळख दाखवायचा अवकाश, दाजी म्हणायचे, "अकरा! अजूनही!" समोरच्याने विचारलेलं असायचं की तब्येत कशी आहे.

गर्व होता का? होता, भरपूर होता. पण त्या माणसाचा गर्व कुणाला बोचत नसे, कारण तो रोज संध्याकाळी सगळ्यांना वाटून खायचा. अपवाद एक, मेहुणा. त्याची ओळख करून देताना दाजींचं वाक्य ठरलेलं असे: "हा आमचा मेहुणा. काही जमेना म्हणून मीच इथे दोरीला चिकटवला." मेहुणा हसायचा आणि हातातले चामडी हातमोजे सारखे करायचा. सव्वीस वर्षं तो डाव्या विंगेत एका स्टुलावर बसत आला होता.

त्या वर्षी नाट्यगृह दुरुस्तीसाठी सहा आठवडे बंद ठेवलं. छत बदललं, खुर्च्या बदलल्या, आणि पडद्याला मोटर बसवायचं ठरलं. मालकीणबाई, म्हणजे जुन्या मालकांची मुलगी, दाजींच्याच वयाच्या. त्यांच्या खोलीत मोटरवाला वही उघडून बसला होता. त्याने विचारलं, "पडदा किती वेळात खाली यायला हवा?"

"अकरा सेकंद," दाजी म्हणाले. "लिहून घ्या."

मेहुणा दाराशी उभा होता. तो घसा खाकरून म्हणाला, "दाजी, मी म्हणतो, आठच ठेवू या की. उगाच कशाला..."

"तू काही म्हणू नकोस. तू दोरी ओढ."

आता दोरीच राहणार नाही हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि सगळे हसले. मेहुणाही हसला. मोटरवाल्याने अकरा लिहून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी पहिला प्रयोग होता. बुधवारी सकाळी नव्या पडद्यासह तालीम झाली. मेहुण्याच्या स्टुलाशेजारी आता भिंतीवर एक हिरवं बटण होतं. दाजी बोटीवर चढले, त्यांनी छाती भरून सूर लावला, मेहुण्याने बटण दाबलं. पडदा निघाला. सूर छान होता, गोल, भरलेला. आणि पडदा दाजींच्या डोक्यावर हातभर असतानाच तो संपला. छातीतली हवाच संपली म्हटल्यावर दाजी तरी काय करणार? ते तसेच तोंड उघडं ठेवून उभे राहिले आणि पडदा आपल्या चालीने त्यांच्या नाकावरून, निळ्या कोटावरून खाली उतरत गेला. चार सेकंद किती लांब असतात हे कळायला असं एकदा उभं राहावं लागतं.

"मोटर बिघडली आहे," दाजी आतून ओरडले.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोटरवाला स्वतः घड्याळ घेऊन पहिल्या रांगेत बसला. "अकरा सेकंद," तो म्हणाला. "एक कमी नाही, एक जास्त नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

"मग वेग वाढवा."

"चाकाचे दातेच त्या मापाने कापलेत. नवीन चाक यायला महिना जाईल."

तालमीनंतर मालकीणबाईंनी दाजींना खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्या बऱ्या बाई होत्या, म्हणूनच त्यांना बोलायला जड जात होतं. "दाजी, शनिवारी वर्तमानपत्रवाले येणार आहेत. जाहिरातीत तोच सूर आहे. शुक्रवारी सकाळी मला पुन्हा एकदा करून दाखवा. नाही जमलं तर दुसरा गाईल."

दुसरा म्हणजे बदली नायक. तीस वर्षांचा, नम्र, आणि त्याचा सूर बारा भरतो अशी कुजबुज होती.

"आणि मी?"

"तुम्ही मुलीचे वडील करा. चांगली भूमिका आहे. बराच वेळ खुर्चीत बसायचं असतं."

दाजींना तोंडात मारल्यासारखं झालं. ते उठले. मुलीच्या वडिलांचं काम त्यांना तोंडपाठ होतं. दुसऱ्या अंकात तो म्हातारा मरतो आणि त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.

तीन जिने चढून ते घरी आले. प्रत्येक मजल्यावर थांबून त्यांनी शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचल्या, जणू तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच दिसल्या. घरात ताई, म्हणजे त्यांची बायको, इस्त्री करत होत्या. कंपनीत ते दाजी, म्हणून त्या सगळ्यांच्या ताई. दाजी जेवलेही नाहीत. खिडकीशी उभे राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सूर लावला. सात. पाणी प्यायले. सात. एकदा साडेसात भरला, पण त्यातलं अर्धं खोकल्याचं होतं.

"हे घड्याळ पुढे पळतंय," ते म्हणाले.

"सकाळी मोटर बिघडली, दुपारी घड्याळ," ताई म्हणाल्या. "संध्याकाळी माझी इस्त्री बिघडेल. काय मेलं वैर धरलंय सगळ्या यंत्रांनी तुमच्याशी!"

"तुला चेष्टा सुचते. तू जरा गप्प राहशील?"

"गप्पच तर आहे. नऊ वर्षं गप्प आहे."

दाजी वळले. "म्हणजे?"

"म्हणजे माझ्या भावाला विचारा."

"त्याला सुरातलं काय कळतं?"

ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली. "सुरातलं नसेल कळत. तुमच्यातलं कळतं."

दाजी आल्या पावली जिना उतरले. नाट्यगृहात कामगारांची जेवणाची सुट्टी होती. रंगमंचावर रंगाचा आणि भुशाचा वास येत होता. डाव्या विंगेत मेहुणा जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि जुनी दोरी गुंडाळत होता. त्याने दाजींना बघितलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि गुंडाळणं थांबवलं.

"ताई बोलली वाटतं," तो म्हणाला.

"कधीपासून?" दाजींनी विचारलं. काय, ते विचारायचीही गरज उरली नव्हती. जिन्यावरून उतरता उतरताच त्यांना सगळं उमगलं होतं.

"तुमच्या न्यूमोनियापासून. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, तुम्ही पाचव्या आठवड्यात आलात. आठाला तुमची मान लाल व्हायला लागली. मला इथून मानच दिसते. मी दोरी सोडली, झालं. पडदा धप्पकन आला आणि लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगणारच होतो. तर तुम्ही आत येऊन मला मिठी मारलीत आणि म्हणालात, बघितलंस? न्यूमोनिया झाला तरी अकरा! आता यावर माणूस काय बोलणार, दाजी? दुसऱ्या दिवशी नऊ भरला. म्हटलं, सुधारतंय, कशाला सांगा. मग परत आठ. दोन वर्षांपूर्वी साडेसात. गेल्या हिवाळ्यापासून सात."

दाजींचा आवाज चढला. "म्हणजे नऊ वर्षं तू माझ्या तोंडावर पडदा पाडत होतास! मी गावभर अकरा अकरा करत हिंडतोय आणि तू इथे... तू मला खोटं पाडलंस!"

"मी पाडलं?" मेहुणाही आता उठून उभा राहिला. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी चढवला. "अकरा लिहून घ्या कोण म्हणालं? मी आठ म्हणत होतो. सगळ्यांसमोर म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, तू दोरी ओढ!"

दाजी मेहुण्याच्या स्टुलावर बसले. तिथून त्यांनी प्रथमच पाहिलं की विंगेतल्या माणसाला काय दिसतं: बोटीची मागची बाजू, ठोकलेल्या फळ्या, आणि खलाशी जिथे उभा राहतो तिथे त्याची पाठ. चेहरा दिसतच नाही. इथे बसून एक माणूस नऊ वर्षं आपल्या मानेवर नजर ठेवून होता, आणि आपण त्याला, काही जमेना म्हणून चिकटवला, असं शेकडो लोकांना सांगत आलो. दाजींना लाज वाटली. साधी, सरळ लाज. त्यात नाटक नव्हतं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

मेहुण्याला हे ऐकायची सवय नव्हती. तो घाईघाईने म्हणाला, "जाऊ द्या हो. चहा आणू?"

"चहाने काय होणार? शुक्रवारी दाखवायचंय. सात आहेत, अकरा लागतात. मी आपला खुर्चीत बसून मरतो दुसऱ्या अंकात."

मेहुणा पुन्हा जमिनीवर बसला. थोडा वेळ त्याने दोरीचं टोक उकललं, पुन्हा पिळलं. मग म्हणाला, "एक विचारू? रागावणार नसाल तर."

"आता काय राहिलंय रागवायचं!"

"तुम्ही नेहमी आधी सूर लावता, मग मी निघतो. एकदा मला आधी निघू द्या की."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बोटीवर चढलात, वाद्यं थांबली, की मी बटण दाबतो. तुम्ही गप्प. पडदा यायला लागला. लोकांना वाटेल, संपलं, खलाशी न गाताच चालला. चार होऊ द्या. मग लावा सूर. सात पुरतात."

दाजी त्याच्याकडे बघतच राहिले. "पडदा पडतोय आणि मी ठोंब्यासारखा उभा? लोक खोकतील."

"खोकतील."

"हसतील."

"हसतीलसुद्धा. पण तोंड उघडं टाकून उभं राहण्यापेक्षा तोंड मिटून उभं राहिलेलं बरं दिसतं."

"आणि चार होईपर्यंत मी करू काय?"

"तिच्याकडे बघा," मेहुणा म्हणाला. "त्या मुलीकडे. दाजी, मी सहा नायिका बघितल्या. तुम्ही शेवटी एकीकडेही बघितलं नाहीत. तुमचं सगळं लक्ष छताकडे, हवा साठवण्यात."

हे मात्र दाजींना लागलं, कारण ते खरं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मालकीणबाईंना ते करून दाखवलं. त्या रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध बसल्या होत्या. संपल्यावर त्या उठून पुढे आल्या. मग म्हणाल्या, "दाजी, माझ्या वडिलांनी बसवलेली जागा आहे ही. मला काही कळत नाही. कदाचित फार छान आहे, कदाचित लोक म्हणतील म्हातारा ओळ विसरला. उद्या बघू. लोक चुळबुळले तर सोमवारपासून दुसरा."

"कबूल," दाजी म्हणाले. आणि स्वतःलाच नवल वाटलं, इतकं सहज म्हणाले.

शनिवारी नाट्यगृह खच्चून भरलं. ताई तिसऱ्या रांगेत होत्या, इस्त्रीच्या कडक पदरात. पहिला अंक लोण्यासारखा गेला. दाजी नाचले, दारूच्या पिंपावर चढून गायले, नायिकेच्या झग्यावर पाय दिला नाही. बदली नायक कोरसमध्ये उजवीकडून चौथा उभा होता. दाजींना तो दिसला, आणि त्यांनी त्याच्याकडे बघून डोळा मिचकावला. तोही बिचारा हसला.

मग बोट आली. खलाशी चढला. वाद्यं थांबली.

लोकांनी श्वास धरला, कारण सगळ्यांना माहीत होतं आता काय येणार. आणि काहीच आलं नाही. वर मोटर हलकेच घुमली आणि पडदा निघाला. एक. मागून कुणीतरी खोकायला सुरुवात केली. दाजींनी छताकडे बघितलं नाही. त्यांनी किनाऱ्यावरच्या मुलीकडे बघितलं. दोन. ती खरोखर भांबावली होती; तालीम झाली होती तरी दाजी इतके सरळ डोळ्यात बघतील असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या गालावरची पावडर एका जागी उडाली होती, आणि ती पोर त्यांची मुलगी शोभली असती, आणि ती इथे राहणार होती आणि आपण जाणार होतो. हे सगळं नाटकात पहिल्यापासून लिहिलेलं होतं. तीन. खोकणारा मध्येच थांबला. तिसऱ्या रांगेत ताईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला. शेजारीण कोण होती ते त्यांना माहीतही नव्हतं.

चार. पडदा निम्म्याच्या जवळ आला होता. दाजींनी सूर लावला.

तो काही तिशीतला सूर नव्हता. थोडा जाड झाला होता, कडेला जरा खरखरीत. पण दाजी तो कुणाला दाखवत नव्हते, तिला म्हणत होते. पडदा त्यांच्या डोळ्यांवरून उतरला, कोटावरून उतरला, आणि सूर पडद्यामागूनही येत राहिला. शेवटी लोकांना बोटीखालची लाकडी चाकं तेवढी दिसत होती, आणि मग तीही दिसेनाशी झाली.

मग बाहेर जे सुरू झालं ते काही विचारू नका. लोक उभे राहिले, नव्या खुर्च्या धडाधड मिटल्या. मालकीणबाई धावत आत आल्या, काहीतरी बोलल्या, पण ऐकू आलं नाही. नाक पुसत होत्या म्हणजे चांगलंच असणार. नायिका दाजींच्या गळ्यात पडून रडली आणि या वेळी तिनेच त्यांच्या पायावर पाय दिला.

दाजी बोटीवरून उतरले. लोक पुढे बोलावत होते, पण ते आधी डाव्या विंगेत गेले. मेहुणा भिंतीशी उभा होता. बटण दाबून झाल्यावर हातांना काही काम नसतं, म्हणून ते दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते.

"किती?" दाजींनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे त्याला कधीच विचारलं नव्हतं. "खरं सांग. साडेसहा? मला शेवटी कमी पडल्यासारखा वाटला."

मेहुण्याने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"अरे, किती भरला?"

"माहीत नाही, दाजी."

"माहीत नाही म्हणजे?"

"मोजलाच नाही." मेहुण्याने डोळे पुसले आणि त्याला त्याची जराही लाज वाटली नाही. "नऊ वर्षं रोज मोजत होतो. आज पहिल्यांदा ऐकला."